40 पैकी 17

प्रश्न : आदरणीय बाई, मी दहावीत आहे आणि नाशिकला सिडकोत राहते. प्रिलिममध्ये मला भूगोलात 40 पैकी 17 मिळाले. इतिहासात 31 आहेत. भूगोलाची सगळी प्रश्नोत्तरं मी गाईडमधून पाठ केली होती, दोनदा लिहूनही काढली होती. वर्गात सरांनी सगळ्यांचे गुण मोठ्याने वाचले. पप्पा सातपूरला कंपनीत आहेत, शिफ्टवरून आले, पेपर बघितला आणि काही न बोलता टीव्हीखाली ठेवून दिला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. बोर्डाला पाच आठवडे राहिलेत. पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. पाठ करूनही गुण का पडत नाहीत? सोबत उत्तरपत्रिकेची झेरॉक्स पाठवते आहे.

उत्तर : बाळ, झेरॉक्स पाठवलीस ते फार चांगलं केलंस. काल दुपारी चष्मा लावून तुझा पेपर दोनदा वाचला. पत्र एकदा वाचलं आणि पेपर दोनदा, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर पेपरातच आहे.

आधी वर्गातल्या त्या दिवसाबद्दल. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही गुण मोठ्याने वाचत असे. वाटायचं, मुलं लाजेने तरी अभ्यासाला लागतील. मग एका मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर फक्त स्वतःचा रोल नंबर आणि गुण असं पानभर लिहून ठेवलेलं मला दिसलं. त्यानंतर मी प्रत्येकाच्या हातात पेपर उलटा ठेवायला लागले. तुझ्या वाट्याला जे आलं ते चुकीचं होतं, एवढं मी तुला शिक्षिका म्हणून सांगते. आणि पप्पांचं गप्प राहणं म्हणजे नाराजीच असं धरू नकोस. पेपर टीव्हीखाली ठेवला, म्हणजे जपूनच ठेवला ना? तो काढ, त्यांच्या शेजारी बस आणि म्हण, "पप्पा, यातले माझे गुण कुठे गेले ते मी शोधते आहे." एवढं वाक्य पुरे. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर आईला आजच सांग. मोकळेपणी बोलायला घरात कोणी नाही असं वाटलं, तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आता पेपर. तुझे 23 गुण गेले. तू समजतेस की ते 23 गुण तुला येत नव्हते. मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. रिकाम्या जागा, जोड्या आणि एका वाक्यातली उत्तरं मिळून 12 पैकी 8 आहेत, म्हणजे पाठांतर वाया गेलेलं नाही. नकाशावाचनात 4 पैकी 3. पण नकाशा भरण्यात 4 पैकी 1, आलेखात 6 पैकी 2, भौगोलिक कारणांत 6 पैकी दीड आणि सविस्तर उत्तरांत 8 पैकी दीड.

नकाशा आणि आलेखातच 7 गुण गेले, आणि हे गुण हाताला वळण नाही म्हणून गेलेत. नकाशात तू नावं लिहिलीस, चिन्हं दिली नाहीस, सूची तर नाहीच. ब्राझीलमधलं मॅनॉस तू समुद्रकिनाऱ्यावर दाखवलंस. ते शहर किनाऱ्यापासून खूप आत, ॲमेझॉन आणि निग्रो नद्यांच्या संगमापाशी, जंगलात आहे. बंदर आहे असं वाचलंस म्हणून किनाऱ्यावर ठेवलंस ना? नदीवरही बंदर असतं, आणि ॲमेझॉन एवढी रुंद आणि खोल आहे की मोठी जहाजं तिथवर जातात. आलेखात बहुतेक स्तंभ बरोबर मोजलेत, पण शीर्षक नाही, प्रमाण नाही, य-अक्षावर काय मोजलं आहे ते नाही. आणि शाईच्या पेनाने काढल्यामुळे चुकलेले दोन स्तंभ खोडता आले नाहीत. आलेख पेन्सिलनेच काढायचा, आणि पहिली रेघ मारण्याआधी वर शीर्षक लिहायचं. नंतर लिहू म्हटलं की राहतं.

आता माझ्या मते खरं दुखणं जिथे आहे ते. प्रश्न होता, ब्राझीलमध्ये पश्चिमवाहिनी नद्या आढळत नाहीत, कारण द्या. तू लिहिलंस, "कारण तिथे अँडीज पर्वत आहे." अर्धा गुण. गाईडमध्ये चार ओळी असतील, त्यातली एक आठवली. दुसऱ्या प्रश्नात, ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी का, तर "पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे" एवढंच लिहून थांबलीस. एक गुण. हे वाचताना मला माझी आठवी आठवली.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, इगतपुरी डेपोला. आठवीच्या घटक चाचणीत मी पर्जन्यछायेची, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या भागाची, व्याख्या अगदी बिनचूक लिहिली, आणि खाली "उदाहरण द्या" म्हटलं होतं तिथे काहीच लिहिता आलं नाही. बाईंनी लाल शाईत विचारलं होतं, "सिन्नर माहीत नाही?" वडिलांनी ते वाचलं. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांनी मला घोटी–सिन्नर गाडीत पहिल्या बाकावर बसवलं. म्हणाले, काही बोलू नको, खिडकीतून फक्त बघ. घोटीला पाऊस असा की काच दिसेना. भातखाचरं तुडुंब, बायका इरली घेऊन वाकलेल्या. पांढुर्लीच्या आसपास पाऊस भुरभुर झाला. पुढे खाचरं संपली, बाजरी दिसू लागली. सिन्नरच्या स्टँडवर उतरले तर पायाखाली धूळ होती. पन्नासेक किलोमीटर. वडिलांनी तिकिटाच्या मागे एक डोंगर काढला, डावीकडून एक बाण, डोंगराच्या डाव्या अंगाला टिपके, उजवीकडे काही नाही. ते तिकीट बरीच वर्षं माझ्या कंपासपेटीत होतं.

सिन्नरला पाऊस कमी का, हे आता तू सांग. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात. सह्याद्री आडवा येतो. वारे वर चढतात, थंड होतात, बाष्पाचं पाणी होतं आणि ते कसारा-इगतपुरीकडे कोसळतं. इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्यात बाष्प थोडंच उरतं, आणि खाली येताना ते वारे तापतात. म्हणून सिन्नर, येवला, नांदगाव कोरडे. सिन्नरला इगतपुरीच्या चौथ्या हिश्श्याइतकाही पाऊस नसतो.

आता सह्याद्रीच्या जागी अजस्र कडा, म्हणजे ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतचा उंच कडा, ठेव आणि अरबी समुद्राच्या जागी अटलांटिक. वारे उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडून किनाऱ्यावर येतात. किनाऱ्याला पाऊस, कड्यामागे ईशान्येला अवर्षण चतुष्कोन, म्हणजे फार कमी पावसाचा भाग. झालं उत्तर. वारा कुठून, आडवं काय, चढल्यावर काय होतं, पलीकडे काय उरतं, अशा चार पायऱ्या. तू थेट शेवटच्या पायरीवर उडी मारलीस. परीक्षकाला पायऱ्या दिसल्या नाहीत तर तो गुण कशाला देणार?

नद्यांचंही तसंच कर. त्र्यंबकला गेली आहेस ना? ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि पूर्वेला 1465 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा निघते आणि पश्चिमेला अरबी समुद्रात जाते. दोघींचं माहेर एकच, सासर वेगवेगळं, कारण मधली डोंगराची धार पाणी दोन बाजूंना वाटते. त्याला जलविभाजक म्हणतात. आता ब्राझीलचा नकाशा घे आणि उतार कुठे आहे ते बोटाने शोध. ब्राझीलच्या उच्चभूमीचा उतार उत्तरेला ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे आणि पूर्वेला अटलांटिककडे. ॲमेझॉन तर अँडीजमधून निघून पूर्वेलाच येते. अँडीज ब्राझीलच्या बाहेर, पश्चिमेला, आणि ब्राझीलला पश्चिम किनाराच नाही. मग पश्चिमेला वाहणार कुठे? तुझं "अँडीज" चूक नव्हतं, ते एकटं पडलं होतं.

सविस्तर उत्तराबद्दल थोडंच सांगते. तुलना विचारली होती, आणि तू एक पान गंगेवर लिहून मग ॲमेझॉनला हात घातलास, तोवर वेळ संपली. तुलनेत एक मुद्दा घ्यायचा आणि तो दोघींबद्दल लिहायचा: गंगेच्या खोऱ्यात सुपीक गाळ, शेती, दाट वस्ती, ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षभर पाऊस, घनदाट जंगल, वाहतूक अवघड, म्हणून विरळ वस्ती. मग पुढचा मुद्दा. उरलेल्या प्रश्नाचं पान कोरं आहे याचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण पहिल्या प्रश्नातली चार वाक्यं तू दोनदा खोडून पुन्हा लिहिली आहेस. दोन तासांच्या पेपरात वेळ अशा ठिकाणी जातो. मी असते तर नकाशा आणि आलेख पहिल्या अर्ध्या तासात, हात ताजा असताना उरकले असते. तुझ्या सरांना हे एकदा विचारून घे.

पाच आठवडे पुरतात. पहिले दोन दिवस पुस्तक उघडूच नकोस, फक्त हा पेपर पुन्हा सोडव, तोच पेपर, गेलेल्या 23 गुणांपुरता. पोटातला गोळा पुस्तकाचा आहे, पेपराचा नाही, आणि पेपर तू आता ओळखतेस. मग स्टेशनरीच्या दुकानातून भारत आणि ब्राझीलचे कोरे नकाशे आण, प्रत्येकी वीस तरी. रोज सकाळी दात घासून झाल्यावर एक नकाशा, पुस्तक बंद, दहा मिनिटं. भरून झाला की पुस्तक उघडून लाल पेन्सिलने स्वतःच तपास. चुकलेली ठिकाणं दुसऱ्या दिवशीच्या नकाशात पहिली भरायची. तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा.

कारणांसाठी मात्र लिहीत बसू नकोस, बोल. पप्पा शिफ्टवरून येऊन चहा घेतात तेव्हा रोज एकच कारण त्यांना सांग, नकाशावर बोट ठेवून. त्यांनी मध्येच "का?" विचारलं आणि तू अडलीस, तर तुझी एक पायरी सुटली आहे. मी इतकी वर्षं शिकवताना पाहिलं आहे, ज्या मुलांना घरात कोणाला तरी समजावून सांगायची सवय होती, त्यांची कारणं कागदावर तुटत नव्हती. ते कोणी भूगोल शिकलेलं असण्याची गरज नसते. गाईड शेवटच्या आठवड्यात काढ, उत्तर ताडून बघण्यापुरतं.

बोर्डाचा पेपर झाला की मला पत्र पाठव. गुण कळायला वेळ असेल, पण नकाशात मॅनॉस कुठे दाखवलंस ते तेव्हाच सांग.

प्रश्न : नमस्कार. मी निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. मुलगा नववीत आहे, भूगोलात कसाबसा पास होतो. मी त्याला म्हणतो, गणित-विज्ञान बघ, भूगोलाचं काय एवढं? पण त्याची आई म्हणते, बाईंना विचारा. क्लास लावावा का?

उत्तर : भाऊ, वहिनींना माझा नमस्कार सांगा. क्लास लावू नका. गेल्या थंडीत पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवल्यात ना? निफाडचा पारा किती उतरला हे तुम्ही कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यावरून पाहिलं असेल, आणि मणी तडकतील म्हणून जीव टांगणीला लागला असेल. आकाश निरभ्र असलं की रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते, ढग असले की ती अडते, आणि थंड हवा जड म्हणून सखल जागी साचते. तुमच्या बागेचा कोणता कोपरा आधी गारठतो हे तुम्हाला पाठ आहे. हा सगळा भूगोल आहे, आणि तुमचं वर्षाचं उत्पन्न त्यावर उभं आहे. "काय एवढं" हे घरात तुम्हीच म्हणालात, तर तो अभ्यास कशासाठी करील?

बागेत एक साधा तापमापक लावा. मुलाला रोज सकाळी एका ठरावीक वेळी आकडा वहीत लिहायला सांगा, एक महिना. महिन्याच्या शेवटी त्याने त्याचा रेषालेख काढायचा आणि ज्या दिवशी तुम्ही शेकोट्या पेटवल्या त्या दिवसांवर खूण करायची. तो तुमच्याकडे घेऊन आला की शांतपणे बघा, काय दिसतं ते त्याला सांगू द्या. आणि वर शीर्षक दिलं आहे का, बाजूला प्रमाण लिहिलं आहे का, तेवढं तपासा.