मेस्काल: कोरफडीची हातभट्टी म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : मेक्सिकोतल्या 'मेझकॅल'बद्दलच्या मराठी मजकुरात 'कोरफडीपासून बनवलेली हातभट्टीची दारू' असे वर्णन आढळले, ते बरोबर आहे का? आणि मूळ शब्द लिहावा कसा?

उच्चार आधी. मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये त्यातला 'झ' हा 'स' होतो आणि जोर शेवटच्या अक्षरावर पडतो, म्हणून 'मेस्काल' लिहावे. 'मेझकॅल' इंग्रजीच्या वाटेने आलेले आहे. शब्द मुळात मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला, मेश्काल्ली. 'मेत्ल' म्हणजे ही दारू जिच्यापासून बनते त्या वनस्पतीचे नाव आणि दुसरा भाग भाजण्याच्या क्रियापदावरून आलेला. म्हणजे 'भाजलेले मेत्ल'. ऊर्ध्वपातन, म्हणजे दारू गाळण्याची क्रिया, येण्याआधीपासून हा शब्द खाण्याच्या वस्तूचा होता. दारूला तो नंतर लागला.

आता वनस्पती. ती कोरफड नाही. कोरफड मूळ आफ्रिका-अरबस्तानाकडची, गराची, वर्षानुवर्षे फुलणारी. ही आगावे, मूळ अमेरिकेची, पानात वाख असलेली, आणि बहुतेक जातींत आयुष्यात एकदाच फुलून मरणारी. मराठीत तिला नाव आहेच : घायपात, काही भागांत केकताड. शेताच्या बांधावर काटेरी टोकाच्या पानांचे जे झुडूप लावतात आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतात, तेच कुळ. हाताशी असलेला शब्द सोडून कोरफडीकडे जाण्याचे काही कारण नाही. स्पॅनिश लोक तिला 'मागेय'ही म्हणतात. तो शब्द त्यांनी कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो भाषेतून आणला.

भाषांतरात दुसरी चूक 'पिन्या' या शब्दाची होते. पाने छाटल्यावर उरणारा गाभा अननसासारखा दिसतो म्हणून तिकडे त्याला हे नाव, आणि मराठीत 'आगावेचे अननस' असे छापले जाते. आपल्याकडे सुरणाचा, कोबीचा असतो तो 'गड्डा' इथे चपखल बसतो. एस्पादिन या सर्वांत जास्त लावल्या जाणाऱ्या जातीला तयार व्हायला साधारण 6 ते 8 वर्षे लागतात, तोबालाला 10 ते 15, तेपेस्तातेला त्याहूनही बरीच जास्त. फुलाचा दांडा वर येऊ लागला की तो कापतात. नाहीतर गड्ड्यातली साखर त्या दांड्यात आणि फुलांत खर्च होते.

भाजण्यावर थोडे थांबतो, कारण शब्दाचा अर्थच तिथे आहे. जमिनीत शंकूसारखा खड्डा, तळाशी लाकडे, वर दगड. दगड तापून लाल झाले की त्यांवर आधी ठेचलेल्या गड्ड्यांच्या ओल्या चोथ्याचा थर देतात, म्हणजे गड्डे थेट दगडाला लागून करपत नाहीत. मग फोडलेले गड्डे रचून चटया आणि मातीने सगळे बंद करतात, 3 ते 5 दिवस. आपली पोपटी डोळ्यांसमोर आणा, फक्त मडक्याऐवजी काही टन मालाचा खड्डा. हे का, तर गड्ड्यातला साठा साध्या साखरेचा नसतो. फ्रुक्टोजच्या लांब साखळ्यांचा असतो आणि त्या यीस्टला पचत नाहीत. उष्णतेने त्या तुटतात. कच्चे राहिले तर आंबवणात दारू उतरत नाही, जास्त झाले तर साखर जळून कडवटपणा येतो. म्हणून 'उकडलेले' किंवा नुसते 'शिजवलेले' यापेक्षा 'भाजलेले' हेच क्रियापद ठेवावे; खड्ड्यातल्या मेस्कालला धुराचा वासही तिथूनच लागतो.

मग घोड्याने ओढायच्या दगडी चाकाखाली (ताओना) किंवा लाकडी मोगरीने ठेचणे, लाकडी पिंपात आंबवणे, आणि दोनदा गाळणे. 'गाळणे' हेच आपले दारूचे क्रियापद, ते वापरावे.

आता 'हातभट्टी'. मेक्सिकोच्या 2016 च्या मानकात तीन वर्ग आहेत : नुसते मेस्काल, 'आर्तेसानाल' आणि 'आन्सेस्त्राल'. शेवटच्यात भाजणे खड्ड्यातच आणि गाळणे थेट आचेवर मातीच्या भांड्यात, चोथ्यासकट. 'आर्तेसानाल'मध्ये तांब्याचे भांडेही चालते. शब्दशः पाहिले तर हात आहे, भट्टी आहे. पण मराठीत 'हातभट्टीची' म्हटले की बेकायदा दारू, छापा आणि विषबाधा हेच मनात येते. 1994 पासून उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण असलेल्या पेयाला तो शब्द लावणे हा कारागिरांवर अन्याय आहे. 'आर्तेसानाल'ला 'पारंपरिक पद्धतीचे' आणि 'आन्सेस्त्राल'ला 'पूर्वापार पद्धतीचे' असे दोन वेगळे शब्द ठेवावेत.

उलट 'पहिली धार' मात्र बिनधास्त घ्यावी. गाळताना आधी येते ते 'पुंतास', मधले 'कोरासोन', शेवटचे 'कोलास' : पहिली धार, मधली धार, शेवटची धार. फरक एवढाच की आपल्या बोलीत 'पहिल्या धारेची' ही तेज म्हणून वाखाणणी आहे. तिकडे पहिली धार तिखट वासाची आणि फार कडक म्हणून बाजूला काढतात, आणि कडकपणा जुळवायला तिचा उपयोग करतात.

जुळवल्यावरची परीक्षा बुडबुड्यांची. वेळूच्या नळीने दारू ओढून वरून वाळलेल्या फळाच्या वाटीत (हीकारा) सोडतात. साधारण 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास असली तर मोत्यांसारखे बुडबुडे टिकतात. पाणी जास्त किंवा दारू फार कडक, दोन्हीकडे ते लवकर फुटतात. त्यांना तिथे 'पेर्लास', मोती म्हणतात. गोव्याच्या फेणीचे नावही फेसावरूनच आले असे मानतात. त्यामुळे मराठीत याला 'मोती पाहणे' म्हटले तरी चालेल, पण 'फेण पाहणे' जास्त आपले वाटते.