'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर' दिसायला सुंदर, पण चालून जीव जातो. पुढं खेळू की सोडून देऊ?

तुमचा प्रश्न असा: निपाणीत सेकंडहँड पीएस-४ हा गेम कन्सोल मिळाला, मित्रानं हा गेम सुचवला, गाव बघून डोळे निवले, पण गेममधला माणूस पायात बेडी घातल्यासारखा चालतो. आता रेटून पूर्ण करायचा, की शेवट यूट्यूबवर बघून मोकळं व्हायचं?

आधी कामाचं सांगतो. कंट्रोलरवरचं आर-टू बटण दाबून धरा. एकदा दाबून सोडायचं नाही, धरूनच ठेवायचं. चाल लगेच वाढत नाही, काही सेकंद घेऊन सावकाश वाढते. त्यामुळं ज्यांनी सहज दाबून बघितलं त्यांनाही वाटलं की हे बटण रिकामंच आहे. गेम हे तुम्हाला सांगत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पीएस-४ वर आला तेव्हा लोकांनी चालीवरून बोंब मारली, आणि मग बनवणाऱ्या 'द चायनीज रूम'नं खुलासा केला की बटण आहे हो, फक्त सांगायचं राहिलं. बटण द्यायचं आणि सांगायचं नाही, म्हणजे कमालच की! आर-टू धरल्यावरही कुणी धावत सुटत नाही म्हणा. घाईनं चालल्यासारखं होतं, इतकंच.

आता माझं मत. हळू असणं हा ह्या गेमचा दोष नाही. गोष्टच तशी आहे. १९८४ साल, इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमधलं यॉटन नावाचं काल्पनिक खेडं, आणि गावात एक माणूस नाही, मागं उरलेत ते उजेडाच्या आकृत्यांत दिसणारे त्यांचे जुने प्रसंग. आचऱ्याच्या गावपळणीबद्दल ऐकलं असेल, देवाचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री सगळं गाव वेशीबाहेर जाऊन राहतं. यॉटन तसंच वाटतं, फक्त इथं कुणी परत येणार नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. अशा गावातून बुंगाट पळत गेलात तर रस्त्यात पडलेले रक्ताचे टिश्यू दिसणार नाहीत, क्वारंटाइनची नोटीस वाचणार नाही, कुठल्यातरी घरात वाजणारा फोन ऐकू येणार नाही. तेव्हा चाल मंद ठेवली ते बरोबर.

चूक दुसरीकडं आहे. गेम प्रत्येक फाटकातून आत या म्हणतो, आणि आत गेलं की बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. वाट चुकीची निघाली तर तितकंच अंतर तितक्याच सावकाश परत तुडवायचं. हॉलिडे कँपचा भाग येईल तेव्हा बघा. एकसारख्या लाकडी खोल्या. एकीचं दार उघडायचं, आत पलंग, पडदे, कुणाचं तरी सामान. वळायचं, बाहेर यायचं, पुढची खोली. तिथंही पलंग, पडदे. चार खोल्या झाल्या की पाचवीकडं जायला पाय उचलत नाही. पण पाचवीतच काही असलं तर, ह्या भीतीनं जावं लागतं. नकाशा हातात नाही, कुठं काय बघून झालं त्याची नोंद नाही, कुंपणावरून साधी उडी मारता येत नाही. गुडघ्याएवढ्या कुंपणापाशी अडकून शेताला वळसा घालायला लागला की सगळं सौंदर्य डोक्यात जातं. सुंदर जागा करायची, माणसाला हिंडायचा मोह घालायचा, आणि हिंडला की वेळ खाऊन शिक्षा द्यायची, ह्याला माझा आक्षेप आहे.

मी खानापूरला राहतो. आमच्याकडं जून-जुलैत लाईटचा भरवसा धरायचा नसतो. ह्या गेममध्ये पाहिजे तेव्हा सेव्ह करता येत नाही, तो त्याच्या सवडीनं करतो. एका संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस, आत मी यॉटनमधलं शेत निम्मं पार केलेलं, आणि टीव्ही काळा. लाईट आल्यावर बघतो तर परत त्याच फाटकाशी. मामा शेजारी चहा घेत बसले होते. ते म्हणाले, "अरे, नुसतं दुसऱ्याच्या शेतातनं हिंडायचं असेल तर आपल्या रानात जा की, येताना चार वांगी तरी आणशील." त्यांना काय उत्तर देणार? तुमच्याकडं इन्व्हर्टर असेल तर पीएस-४ त्याच्यावर घ्या. नसेल तर एखादा मोठा प्रसंग बघून झाल्याशिवाय उठू नका.

मंद असूनही न चिडवणारे गेम आहेत, म्हणून मी तक्रार करतोय. 'डेथ स्ट्रँडिंग'मध्येही चालण्याशिवाय दुसरं काय आहे? पण तिथं पाठीवरचं ओझं सांभाळायचं, तोल जातो, नदी कुठून ओलांडायची ते ठरवायचं. चालणं हेच काम. 'फायरवॉच'मध्ये नकाशा आणि होकायंत्र आपल्याच हातात, शिवाय वॉकी-टॉकीवर सोबतीला बोलणारं माणूस. 'रॅप्चर'मध्ये एक प्रसंग आणि दुसरा प्रसंग ह्यांच्या मध्ये चालणं म्हणजे निव्वळ मोकळी जागा. ती सुंदर आहे खरी, पण रिकामी आहे.

मग मी सोडला का नाही? आवाजामुळं. जेसिका करीचं संगीत आणि त्यातला कोरस ऐकून एका ठिकाणी मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बसून राहिलो. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत २०१६ साली संगीत, ध्वनी आणि अभिनय असे तीन पुरस्कार ह्या गेमला मिळाले, अभिनयाचा केट ह्या पात्राचा आवाज देणाऱ्या मर्ल डँड्रिजला. ते का, हे टीव्हीच्या स्पीकरवर कळत नाही. हेडफोन लावा. आणि सबटायटल्स चालू करा. आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी, इतकं सगळं कानावरून गेलेलं असूनही त्या खेड्यातल्या बायकांचं तोंडातल्या तोंडात बोलणं मला निम्मं कळलं नव्हतं. शिवाय गावकऱ्यांना चेहरेच नाहीत, नुसत्या उजेडाच्या आकृत्या. नाव आणि आवाज जुळवता आलं नाही तर कोण कुणावर रागावलंय ते समजत नाही, आणि मग कंटाळा दुप्पट.

आता पुढं कसं खेळायचं. तो सोनेरी उजेडाचा गोळा फिरत असतो ना, त्याचं ऐका. तो कधी कुंपणावरून निघून जातो, वैताग येतो, पण दिशा बरोबर दाखवतो. सगळी घरं धुंडाळायच्या भानगडीत पडू नका. ज्या घरातून रेडिओचा किंवा फोनचा आवाज येतो तिथं शिरा, बाकीची बाहेरून बघा. एकाच जागी हवेत तरंगणारा गोळा दिसला की कंट्रोलर सावकाश डावीकडं-उजवीकडं कलवायचा, जोरात हलवून उपयोग नाही. जागा बरोबर लागली की प्रसंग उघडतो. एका बैठकीत एकाच माणसाची गोष्ट करा. पाद्री जेरेमी, मग वेंडी, मग फ्रँक, अशी ती पुढं सरकते. सगळा गेम चार-सहा तासांचा आहे, म्हणजे एकेक संध्याकाळ एकेकाला दिली तरी फार लांबत नाही.

यूट्यूबचं म्हणाल तर, जेरेमीचा भाग आर-टू धरून संपवूनही तुम्हाला पुढं काय झालं ह्याची उत्सुकता नसेल, तर खुशाल बघा. माझी काही हरकत नाही. पण फ्रँक ह्या शेतकऱ्याचा भाग तेवढा स्वतः खेळा, तो कुणाच्या व्हिडिओत बघू नका. तिथं शेतं मोठी आहेत, चालणं भरपूर आहे, आणि माझ्या मते सबंध गेममध्ये तिथंच ते चालणं वसूल होतं. हॉलिडे कँप त्याच्यानंतर लागतो. तो मात्र यूट्यूबवर दीडपट वेगानं बघितलात तरी चालेल.