घरून धंदा करतोयस ना, मग कॅमेरा लाव

हे बघ, तू नवीन आहेस म्हणून सांगतो, सगळं व्हॉट्सअॅप आणि मेलवर निभवायला जाऊ नकोस, व्हिडिओ कॉल करत जा. आमचं कॅड ड्रॉइंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग काढायचं काम, मी सांगलीत, दोन पोरं पुण्यात अन् क्लायंट जर्मनीत. एकदा ब्रॅकेटच्या एका भोकावरून तीन दिवस मेल-मेल खेळलो, ते म्हणायचे डावीकडचं, आम्ही बघायचो उलट्या बाजूनं, शेवटी वैतागून गूगल मीटवर व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन शेअर केली, भोकावर कर्सर नेला आणि चार मिनिटांत विषय संपला. खेपा वाचतात, पेट्रोल वाचतं हे तर आहेच, पण चेहरा दिसतो ना, समोरच्याला खरंच पटलंय का नुसतं हो-हो चाललंय ते कळतं, हा खरा फायदा.

सुरुवातीला पैशाचा प्लॅन घेऊ नकोस. फुकटात झूमवर एका कॉलला 40 मिनिटं मिळतात, गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असले की 60, बास होतं तेवढं. पैसे घालायचेच तर बऱ्या इयरफोनवर घाल, मागं कुकरची शिट्टी झाली की आपलीच बोलती बंद. नेट रडायला लागलं तर आधी व्हिडिओ बंद कर, नुसत्या आवाजाला फार कमी डेटा लागतो. आणि हो, घड्याळ बघत जा, जर्मनीशी उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचारचा, मी एकदा तासभर आधीच शर्ट घालून बसलेलो (खाली बर्मुडाच होती म्हणा). कॉल संपला की जे ठरलं ते दोन ओळीत मेल कर, तेवढं मात्र चुकवू नकोस.