सीतेची वेणी : पाटीवर नाव कोणते?

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारातील जुन्या आंब्यावर दरवर्षी पावसाच्या तोंडावर एक आमर (ऑर्किड) फुलते. गावात त्याला कुणी सीतेची वेणी म्हणते, कुणी द्रौपदीची. कानडी सहकारी सीताळे दंडे म्हणतात. एका पुस्तकात ‘रिंकोस्टायलिस रेटुसा’ असे नाव आहे, तर एका जुन्या पुस्तकात ‘सॅकोलॅबियम गुटॅटम’. झाडावरच्या पाटीवर कोणते लिहावे?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : आधी फूल जवळून पाहावे, कारण आपल्या घाटात ‘एरिडिस मॅक्युलोझा’ हे ठिपकेदार गुलाबी आमरही झाडांवर वाढते. ओठासारख्या पाकळीखालची पिशवी मागे वळलेली असेल, तर ते रिंकोस्टायलिस. शिंगासारखी पुढे वळलेली असेल, तर एरिडिस.

तुमची दोन्ही पुस्तके एकाच वनस्पतीविषयी बोलत आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ मध्ये तिला ‘एपिडेंड्रम रेटुसम’ म्हटले. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचे, आणि झाडावर वाढणारी बहुतेक आमरे त्याने या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) कोंबली होती. रेटुसम म्हणजे बोथट टोकाचे, हे पानांवरून. त्याचा आधार होता मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथातील एक चित्र, आणि त्या चित्राचे नाव होते ‘आंसजेली मारावारा’, म्हणजे आंजिलीच्या (एका रानफणसाच्या) झाडावर वाढणारे. लॅटिन नावाच्या मुळाशी असे एक मल्याळी नाव आहे.

१८२५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूम यांनी स्तंभाला (पुंकेसर व स्त्रीकेसर जुळून झालेल्या फुलामधल्या दांड्याला) चोच असलेल्या फुलांसाठी रिंकोस्टायलिस ही प्रजाती स्थापली आणि ही जाती (स्पीशीज) तिच्यात आणली. प्रजाती बदलली तरी जातीचे जुने विशेषण टिकते. मात्र ते नव्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालते, म्हणून नपुंसकलिंगी ‘रेटुसम’चे स्त्रीलिंगी ‘रेटुसा’ झाले. ‘गुटॅटम’ म्हणजे ठिपक्यांचे. फुलाकडे पाहिले तर मला तेच अधिक शोभते, पण ते नंतरचे आहे आणि नियम शोभा पाहत नाही, अग्रक्रम पाहतो.

तेव्हा पाटीवर ‘रिंकोस्टायलिस रेटुसा (लि.) ब्लूम, कुल ऑर्किडेसी’ असे लिहावे, कंसातले ‘लि.’ म्हणजे मूळ विशेषण देणारा लिनीयस. खाली तिन्ही बोलीनावे लिहावीत, कानडी नाव कानडी लिपीत. शास्त्रीय नामकरणाचे नियम बोलीनावांना लागू नाहीत, त्यामुळे सीता की द्रौपदी हा वाद शाळेने सोडवण्याचे कारण नाही. पाटी मात्र खोडाला खिळ्याने ठोकू नये. सुतळीने बांधावी, आणि तीही आमराची मुळे सालीला धरून पसरली आहेत तिथून दूर.