पद्मिनीच्या मागच्या कमानी (पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंग) काढून घरीच कॉइल स्प्रिंग बसवता येतील का?

येतील, पण नुसत्या कॉइल टाकून भागणार नाही. प्रीमियर पद्मिनीत मागच्या कमानी फक्त वजन पेलत नाहीत, सबंध अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतात. त्या काढल्या की अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून ट्रेलिंग आर्म आणि आडवा हलू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लागतोच. खरी मेख वेल्डिंगची: गाडीला वेगळी चासी नाही, पातळ पत्र्यावर ब्रॅकेट थेट चिकटवलं तर पत्राच फाटतो, आधी जाड प्लेट हवी. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही बघा. मात्र आधी आरटीओत विचारा, गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येऊ शकतं. गाडी नुसती मागून बसली असेल, तर कमानवाल्याकडून कमानींना पुन्हा बाक देऊन घ्या, नवे बुश टाका. एवढा खटाटोप नको.