महामार्गावर थरथरणारे स्टिअरिंग

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मी सात वर्षे वापरलेली, पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेली पेट्रोल गाडी घेतली. गर्दीच्या रस्त्यांवर तिची काहीच तक्रार नसते. महामार्गावर मात्र ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते, ९५च्या आसपास थरथर सर्वाधिक असते आणि ११० ओलांडले की ती बरीच ओसरते. ब्रेक दाबला तरी त्यात फरक पडत नाही. दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि एकदा बॅलन्सिंग (रिमवर छोटी वजने लावून चाकाचे वजन सर्व बाजूंना सारखे करणे) करून झाले. आता गॅरेजवाले स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा भाग), दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना इंजिनाची ओढ पोचवणारे दांडे) बदलायला सांगत आहेत. एवढे सगळे एकदम बिघडले असेल का?

उत्तर : बहुधा नाही. तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे ११०च्या पुढे थरथर ओसरते ही, आणि नेमकी तीच तुम्ही गॅरेजमध्ये सांगितली नसावी अशी मला शंका आहे. एका ठरावीक वेगाला येणारी आणि त्याच्या पुढे निवळणारी थरथर बहुतेक वेळा चाकातून, म्हणजे टायर, रिम किंवा त्यांच्या बसवणुकीतून आलेली असते.

यामागचे गणित सोपे आहे. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो, म्हणजे ताशी ९५ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साडेतेरा फेरे घेते. अशा चाकाच्या रिमच्या कडेला एका बाजूला केवळ २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते सुमारे पावणेतीन किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढते आणि या ओढीची दिशा चाकाबरोबर फिरत राहते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ५० किलोमीटरला तो पाऊण किलोच्या आसपासच असतो. म्हणून गर्दीच्या रस्त्यावर गाडी निर्दोष वाटते. आता चाक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांच्या जोडणीची स्वतःची अशी एक डुलण्याची लय असते, आणि चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की झोपाळ्याला दर खेपेस नेमक्या क्षणी रेटा मिळावा तशी थरथर वाढत जाते. वेग आणखी वाढला की लय चुकते आणि हाताला हादरे कमी जाणवतात. दोष मात्र तिथेच असतो आणि टायर व सांध्यांवरचा ताण उलट वाढलेलाच असतो. तेव्हा वेग वाढवून थरथर घालवणे हा उपाय नव्हे.

खात्रीसाठी प्रथम इंजिन बाजूला काढावे. रस्ता मोकळा असताना ९५चा वेग कायम ठेवून एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढूनही थरथर होती तशीच राहिली, तर तिचा इंजिनाशी किंवा त्याच्या माउंटिंगशी, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या आधारांशी, संबंध नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला २,७०० फेऱ्यांना सेकंदाला ९० स्फोट होतात, त्यामुळे इंजिनाचा हादरा बारीक गुणगुणीसारखा जाणवतो, तर चाकाचा हादरा हाताला स्पष्ट कळणारी, डावीकडे-उजवीकडे होणारी फडफड असते. त्यानंतर ड्राइव्ह शाफ्टची परीक्षा घ्यावी. त्याचा आतला सांधा झिजला असेल तर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर, विशेषतः चढावर, गाडी हादरते आणि पाय उचलताच हादरा थांबतो. पाय उचलूनही तुमची थरथर कायम राहत असेल, तर शाफ्टवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

दोनदा केलेल्या अलाइनमेंटबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अलाइनमेंट बिघडल्याने गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरके राहते आणि टायर एका कडेने घासतात. पण स्टिअरिंग थरथरत नाही. तिचा थरथरीशी संबंध आडवळणाने येतो : बरेच महिने चुकीच्या कोनात घासलेला टायर खाचखळग्यांचा होतो आणि तो मग हादरे देतो. अशा वेळी कोन दुरुस्त केले तरी टायर आपोआप गोल होत नाही.

बॅलन्सिंग एकदा झाले आहे हे खरे, पण ते कसे झाले हे महत्त्वाचे. चारही चाके घेतली होती की फक्त पुढची दोन? रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल काढला होता का? जुनी वजने काढली, की त्यांच्यावर नवी चिकटवली? यंत्रावर चाक मध्यभागी नीट बसले नसेल तर यंत्र आकडा दाखवते, पण तो चुकीचा असतो. हे तपासण्याची एक युक्ती आहे. यंत्राने शून्य दाखवल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करायला सांगा आणि परत फिरवून पाहा. आता १० ग्रॅमपेक्षा बराच मोठा आकडा आला, तर आधीचे शून्य खोटे होते. काही कारागिरांना ही मागणी आवडत नाही. तरी ती करावी.

आणि बॅलन्सिंग अचूक असले तरी ते फक्त वजनाची वाटणी सुधारते, आकार नाही. किंचित अंडाकृती झालेले चाकही यंत्रावर शून्य दाखवू शकते, आणि रस्त्यावर ते प्रत्येक फेऱ्याला गाडी उचलतेच. वापरलेल्या गाडीत हे बरेचदा आढळते, कारण आधीच्या मालकाने कोणत्या खड्ड्यात चाक आपटले हे कागदपत्रांत लिहिलेले नसते. गाडी सपाट जागी जॅकवर घेऊन स्टँड लावा, एखादी पेन्सिल स्थिर आधारावर टेकवून तिचे टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि कड यांतले अंतर कमीजास्त होत असेल, तर कारागीर ज्याला ‘चाक आउट आहे’ म्हणतात तो प्रकार तुमच्यासमोर आहे. एक मिलिमीटरच्या पुढचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हेच टायरच्या बाबतीतही करा. त्यात टायर एका जागी फुगलेला दिसला किंवा त्याचा रस्त्याला टेकणारा पट्टा नागमोडी फिरताना दिसला, तर आतले पोलादी थर सुटत असण्याची दाट शक्यता असते. असा टायर बॅलन्स करत बसू नका आणि त्यावर महामार्गावर जाऊही नका. तो तिथे फुटू शकतो.

आता खरी निर्णायक चाचणी. चारही टायर एकाच मापाचे असतील तर पुढची दोन्ही चाके त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे लावा, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन या. स्टिअरिंग शांत होऊन थरथर आसनात आणि गाडीच्या तळाशी जाणवू लागली, तर दोष तुम्ही मागे नेलेल्या दोन चाकांपैकी एकात आहे. तासाभराच्या कामात हे कळते आणि एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. चाके काढलेलीच आहेत तर हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, सपाट पृष्ठभागही तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, कारण गंजाची एखादी पापडी मध्ये राहिली तरी चाक तिरके बसते. आधीच्या मालकाने बाहेरून अलॉय रिम बसवले असतील, तर त्यांचे मधले भोक हबपेक्षा मोठे नाही ना हेही पाहावे. ते मोठे असेल तर चाक मध्यावर आणणारी कडी लागते. विकताना ती हरवलेली असते किंवा मुळात घातलेलीच नसते. नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावेत.

चाके बदलूनही थरथर स्टिअरिंगमध्येच जशीच्या तशी राहिली, तरच पुढच्या सांध्यांकडे वळा. चाक अधांतरी असताना घड्याळातील ३ आणि ९ या जागी धरून हलवल्यावर खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा रॅक संशयित ठरतो. १२ आणि ६ या जागी जाणवला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग. लोअर आर्मचे फाटलेले बुश (सांध्यातले रबर) डोळ्यांनी दिसतात. हे झिजलेले भाग थरथर निर्माण करण्यापेक्षा ती वाढवण्याचे काम अधिक करतात, म्हणजे चाकातला जो लहान दोष घट्ट गाडीत जाणवलाही नसता तो इथे हाताला झोंबतो. सात वर्षांच्या गाडीत बुश खरोखर गेले असतील तर ते बदलावेतच, पण रॅक बदलण्याआधी त्यात खेळ आहे हे तुमच्या हाताला दाखवून द्यायला सांगा.

प्रश्न : माझ्या गाडीचे स्टिअरिंग एरवी स्थिर असते, पण वेगात असताना ब्रेक दाबला की जोरात हलते. बॅलन्सिंगचा उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नाही, कारण दोष पुढच्या ब्रेक डिस्कमध्ये आहे. ‘डिस्क वाकली’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेकदा तिची जाडी जागोजागी काही शतांश मिलिमीटरने कमीजास्त झालेली असते, आणि पॅड त्या जाड-पातळ भागांवरून जाताना ब्रेकचा जोर दर फेऱ्याला बदलतो. डिस्क उत्पादकाने दिलेल्या किमान जाडीच्या वर असेल तर ती घासून सपाट करता येते, नाहीतर जोडीने बदलावी. तत्पूर्वी कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकलेल्या नाहीत ना आणि हबवर गंज नाही ना, हे बघून घ्या. तसे न करता नवी डिस्क बसवली तर काही हजार किलोमीटरनंतर तुम्ही हेच पत्र पुन्हा लिहाल. हादरा स्टिअरिंगऐवजी आसनात आणि पेडलमध्ये येत असेल तर मागचे ब्रेक पाहावेत.

प्रश्न : वापरलेली गाडी घेण्याचा विचार आहे. विकणारा ती फक्त गल्लीबोळांतून चालवू देतो. तेवढ्यात महामार्गावरच्या थरथरीचा दोष कसा ओळखावा?

उत्तर : महामार्गावर चालवू देत नसेल तर तो व्यवहार मी तरी करणार नाही. तरीही चाके उभ्या उभ्या बरेच सांगतात. टायरच्या बाजूवरील चार अंकी शिक्क्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे का आहेत, हे विचारा. टायरच्या पट्ट्यावरून तळहात फिरवून उंचसखलपणा पाहा. एकाच रिमवर वजनांची मोठी रांग चिकटवलेली असेल तर ते चाक आउट असल्याचा दाट संशय घ्या. डिकीतली स्टेपनीही बाहेर काढून फिरवून पाहा, कारण पूर्वी पुढे थरथरणारे वाकडे चाक विक्रीच्या आधी बरेचदा तिथेच जाऊन बसलेले असते.