लवचिक पाइपवर ट्रॉलचा मार: सुरुवात कुठून करशील

गड्या, साकोलीकडं मामा (माजी मालगुजारी) तलावात ढिवरांची जाळी बघत तू वाढलास. समुद्रातलं ट्रॉल, म्हणजे बोटीमागं ओढायचं जाळं, निराळं असतं. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन जड फळ्या तळावरून ओढत नेतात, आणि समुद्रतळावरच्या तेलाच्या पाइपला भिडतात त्या मुख्यतः या फळ्याच.

हिशेब तीन टप्प्यांत करतात: धडक, मग पाइपवरून फरफटणं, आणि क्वचित खाली अडकणं. डीएनव्ही या संस्थेचं एफ१११ (ट्रॉल आणि पाइपलाइनच्या धडकेवरची मार्गदर्शिका) नीट वाच, पण ते मुळात पोलादी पाइपसाठी आहे. त्यातली धडकेनं पाइपला पडणाऱ्या खड्ड्याच्या खोलीची मर्यादा लवचिक पाइपला जशीच्या तशी लावू नकोस, हे मी कळकळीनं सांगतो. लवचिक पाइप थरांचा असतो: आत पोलादी सांगाडा, त्यावर प्लास्टिकचं अस्तर, मग दाब आणि ताण पेलणाऱ्या पोलादी तारा, बाहेर प्लास्टिकचं आवरण. हे आवरण फाटलं तर तेल लगेच गळत नाही. खारं पाणी मात्र तारांपर्यंत पोचतं आणि त्या गंजायला लागतात. म्हणून धडकेत आवरण टिकतं का, आतला सांगाडा चेपतो का, हे आधी बघ. फरफटीत पाइप इतका वाकतो का, की वाकाची त्रिज्या त्याच्या किमान वक्रता त्रिज्येपेक्षा कमी होते, तेही तपास.

२ टनांची फळी, वेग ३ नॉट: ऊर्जा सुमारे २.४ किलोजूल. फळीसोबत सरकणाऱ्या पाण्याचं वस्तुमान वेगळं धर. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट.

उत्तर समुद्रातल्या फळ्यांची वजनं मुंबई हायला चिकटवू नकोस. बंदरावर जा, फळीचं वजन कर, तांडेलाला वेग विचार.